बाराशे कॅलरी कुणाच्या?

वजन कमी करायचं ठरवलं की पहिला आकडा कानावर पडतो तो बाराशेचा. जिमच्या काउंटरवर मिळणाऱ्या छापील तक्त्यात तो असतो, मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये असतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘महिन्यात सहा किलो’च्या फोटोतही असतो. दिवसाला १२०० कॅलरी. पुरुष असाल तर फार तर पंधराशे. वय किती, उंची किती, दिवसभरात काम काय करता, हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही. चपलेचा दुकानदारही पायाचं माप पाहिल्याशिवाय जोड काढत नाही. इथे मात्र सगळ्यांना एकच माप.

हा आकडा आला कुठून? लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी १९१८ मध्ये कॅलरी मोजून वजन कमी करण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्या स्वतः बऱ्याच लठ्ठ होत्या आणि मोजून खाऊन बारीक झाल्या होत्या. पुस्तक अफाट खपलं. खाण्याकडे ‘एक पोळी’ म्हणून नव्हे तर ‘शंभर कॅलरी’ म्हणून बघण्याची सवय सामान्य वाचकाला त्यांनी लावली, आणि वजन उतरवण्यासाठी १२०० चा आकडाही त्यांनीच लोकप्रिय केला. विश्रांतीत शरीर किती ऊर्जा जाळतं याचं हॅरिस आणि बेनेडिक्ट यांचं प्रसिद्ध सूत्र आलं १९१९ मध्ये, म्हणजे पुस्तकानंतर. शंभर वर्षांत सूत्रं बदलली, मोजण्याची यंत्रं आली, पण आकडा जागचा हलला नाही.

तो कुणाला किती लागू पडतो हे एकाच घरातल्या तीन माणसांवर तपासून पाहू. माणसं कल्पनेतली आहेत, पण अशी घरं आपल्या ओळखीत असतात. सासूबाई ६६ वर्षांच्या, उंची १५० सेंटिमीटर, वजन ५८ किलो. मुलगा ४४ वर्षांचा, १७२ सेंटिमीटर, ८५ किलो, ऑफिसात बसून काम, जाणं-येणं स्कूटरवरून. सून ४२ वर्षांची, १५८ सेंटिमीटर, ७२ किलो, कल्याणहून लोकलने रोज मुंबईला नोकरीला जाते आणि जाण्याआधी व आल्यावर घरचं सगळं करते.

हल्ली सर्वाधिक वापरलं जातं ते मिफ्लिन-सेंट जोर यांचं १९९० चं सूत्र. किलोमधलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुष असेल तर त्यात ५ मिळवायचे, बाई असेल तर १६१ वजा करायचे. येणारा आकडा म्हणजे दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीर जाळणारच अशा कॅलरी. पाश्चात्त्य सूत्रं भारतीय शरीराचा हा खर्च थोडा जास्तच सांगतात, म्हणून त्यातून सात टक्के कमी करू. मग दिवसभराच्या हालचालीनुसार १.४ (बैठं काम) किंवा १.६ (बरीच उठबस) यांनी गुणायचं.

सासूबाईंचा दिवसाचा एकूण खर्च निघतो साधारण १३४० कॅलरी, मुलाचा २२३० आणि सुनेचा १९९०. आता तिघांच्या फ्रीजवर बाराशेचा एकच तक्ता चिकटवा. सासूबाईंच्या खाण्यात जेमतेम १४० कॅलरींची तूट पडते. महिनाभर मन मारूनही काटा हलला न हलला असं होईल. मुलाला हजाराहून मोठी तूट, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या जवळजवळ निम्मी. सुनेला ७९० ची. नुसतं पडून राहिली तरी तिचं शरीर १२४० च्या आसपास कॅलरी जाळतं. तिला दिलेला आहार त्याहूनही कमी, आणि त्यावर तिने लोकलमध्ये उभं राहायचं, जिने चढायचे आणि रात्री ओटा पुसायचा.

जाता जाता एक सांगायला हवं. सुनेला १.६ ने गुणलं, याला बरेच जण हरकत घेतील. अ‍ॅपमध्ये माहिती भरताना नोकरी ‘ऑफिसची’ म्हटली की ‘बैठं काम’वर टिचकी मारली जाते. घरकाम, मुलांच्या मागे धावणं, भाजीच्या पिशव्या उचलणं याला त्या यादीत रकाना नसतो. बाईचं काम मोजायचंच नाही ही आपली जुनी खोड आता अ‍ॅपमध्येही शिरली आहे, आणि त्याची किंमत तिच्या ताटातून वसूल होते.

मुळात १२०० हे लक्ष्य नाही, तो तळ आहे. अनेक अ‍ॅप आठवड्याला किती वजन कमी करायचं ते विचारतात. आपण उत्साहात ‘एक किलो’ निवडतो. अ‍ॅप तुमच्या खर्चातून दिवसाला हजारेक कॅलरी वजा करतं, उत्तर बाराशेच्या खाली गेलं की तिथे थांबतं, कारण त्याखाली जाऊ न देण्याची त्याला सूचना असते. म्हणजे पडद्यावर दिसणारा १२०० चा आकडा बहुतेकदा ‘एवढं खा’ असं सांगत नसतो, तर ‘तुम्ही मागितलेला वेग तुमच्या शरीराला झेपणारा नाही’ असं सांगत असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही वजन कमी करण्याचा आहार १००० कॅलरींच्या खाली नसावा, त्यात सगळी पोषणद्रव्यं असावीत आणि आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित समजावी, असं म्हटलं आहे. तिथेही हजार ही खालची हद्द आहे. पुलाच्या कठड्यावरून कुणी चालत नाही, तरी कठडा कुठे आहे ते ठाऊक असावं लागतं, इतकाच त्याचा उपयोग.

तळाशी बराच काळ राहिलं की काय होतं, याचा एक जुना आणि काहीसा भयंकर पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना सुमारे २४ आठवडे दिवसाला साधारण १५७० कॅलरींवर ठेवलं. युद्धानंतर उपाशी युरोपला पुन्हा खाऊ कसं घालायचं हे शोधणं हा हेतू होता. त्या तरुणांचं वजन पाव हिश्शाने घटलं. त्यांना सतत थंडी वाजे, मन उदास राही, चिडचिड होई आणि डोक्यात खाण्याखेरीज विषय उरला नव्हता; काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. ते मुळात सडपातळ होते आणि त्यांच्याकडून दर आठवड्याला ३५ किलोमीटर चालून घेतलं जाई, त्यामुळे त्यांची तुलना लठ्ठ माणसाशी थेट होत नाही. पण डाएटच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री अकराला फ्रीज उघडून उभ्या राहिलेल्या बाईला ‘तुझ्यात जिद्दच नाही’ म्हणण्याआधी हा प्रयोग आठवावा. ऊर्जेची मोठी तूट मनालाही ओढते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत (२००२) मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना वजन सात टक्के कमी करण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाचं उद्दिष्ट दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. त्यात कॅलरींची लक्ष्यं होती, आणि १२०० सुद्धा होतं! पण ती चार पायऱ्यांमधली सर्वांत खालची पायरी होती, कमी वजनाच्या लोकांसाठी. वर २००० पर्यंत पायऱ्या होत्या, आणि प्रत्येकाला समोरासमोर बसून शिकवणारा माणूस दिलेला होता. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत तर मधुमेहींना काही महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींवर ठेवलं आणि वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आली. हे यश मोठं आहे. फक्त ते मिळालं ते सगळी जीवनसत्त्वं मोजून घातलेल्या तयार सूप-शेकवर आणि वैद्यकीय देखरेखीखाली. दुपारी काकडी नि रात्री मुरमुरे खाऊन गाठलेले साडेआठशे म्हणजे ते नव्हे.

आपल्या बाबतीत एक जास्तीची अडचण आहे, आणि ती शोधण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली आलेला फोटो अनेकांनी पाहिला असेल. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, ते असं. म्हणून तर आपल्याकडे बीएमआय २३ ओलांडला की वजन जास्त समजतात आणि कमरेचा घेर पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर धोक्याचा मानतात. आता ज्याच्याकडे स्नायूंची शिल्लक आधीच कमी आहे, त्याने अर्धपोटी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. पुढे वजन परत येतं, आणि बहुतेकांचं येतं, तेव्हा येते ती प्रामुख्याने चरबी. वजनकाटा तोच आकडा दाखवतो, शरीर मात्र आधीपेक्षा वाईट अवस्थेत असतं.

स्नायू राखायचे तर प्रथिनं हवीत आणि स्नायूंना काम हवं. वजन कमी करताना किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडी जास्त प्रथिनं मिळावीत, म्हणजे आपल्या सुनेला दिवसाला सत्तरेक ग्रॅम. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं.) शाकाहारी घरात हे सोपं नाही. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत २२ ग्रॅम प्रथिनं आणि साधारण ३४० कॅलरी असतात. निव्वळ डाळीतून सत्तर ग्रॅम गाठायचे तर हजारावर कॅलरी तिथेच संपतात. पोळी-भाकरीतून काही मिळतात, दही, ताक, पनीर, सोयाबीन, मोड आलेली मटकी यांतून उरलेली जमवावी लागतात. अंडी-मासे खाणाऱ्यांचं काम हलकं होतं. बाराशेत हे बसवणं म्हणजे लोकलच्या चौथ्या सीटवर बसणं! सोळाशेत ते बसतं. शिवाय या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, हे सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीतच दिसतं. त्यांना आणखी कमी खायला सांगताना सांगणाऱ्याने दोनदा विचार करायला हवा.

मग आपला आकडा काढायचा कसा? वरचं सूत्र वापरा, पण ते अंदाजापुरतंच. त्याहून भरवशाचा मार्ग कंटाळवाणा आहे, म्हणून कुणी सांगत नाही. दोन आठवडे खाण्यात काहीही बदल न करता जे पोटात जाईल ते लिहून काढा. चव बघताना खाल्लेलं, मुलाच्या डब्यात उरलेलं, ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा सामोसा, सगळं. रोज सकाळी उठल्यावर वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. वजन जागेवर असेल तर जे लिहिलंय तो तुमचा सध्याचा खर्च. त्यातून तीनशे-चारशे, म्हणजे पंधरा-वीस टक्के कमी करा. तुमची नोंद थोडी चुकलेली असणार. माणूस नेहमी कमीच लिहितो. ‘मी काही खात नाही तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या लोकांवर न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली झालेल्या अभ्यासात ती माणसं प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्के कमी खाणं नोंदवत होती असं दिसलं. ती खोटारडी नव्हती. पळीतून पडणारं तेल डोळ्यांनी मोजता येत नाही, एवढंच. पण चूक दर आठवड्याला सारखीच होत असेल तर स्वतःपुरती ही मोजपट्टी चालते, कारण आपल्याला बघायचा आहे फरक.

तीनशे-चारशे कॅलरी आपल्या स्वयंपाकघरात कुठे सापडतात? बहुतेक घरांत त्या पोळीत नसतात. पोळीवर सगळ्यांचा राग असतो खरा, पण तीस ग्रॅम कणकेची पोळी शंभर कॅलरींची, आणि त्यावर फिरवलेला एक छोटा चमचा तेल पंचेचाळीसचं. पोषण संस्थेच्या तक्त्यानुसार दोन हजार कॅलरींच्या आहारात दिसणारं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम पुरतं. चार मोठ्या माणसांच्या घरात याचे महिन्याला साधारण साडेतीन लिटर होतात. तुमच्याकडे पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज शंभर कॅलरी तिथेच जास्त जातात, आणि तूप-लोणी अजून धरलेलं नाही. तेल मोजण्यासाठी अ‍ॅप नको. डबा फोडला त्या दिवशी त्यावर तारीख लिहिली की झालं.

चहाचं तसंच. दोन चमचे साखर आणि अर्धा कप दूध घातलेला चहा ऐंशी-नव्वद कॅलरींचा. दिवसाला चार झाले की साडेतीनशे, सोबतची खारी वेगळी. आणि उपवास! साठ ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट आणि दीड मोठा चमचा तूप मिळून खिचडीची एक बशी पाचशेच्या वर जाते. दोन पोळ्या, भाजी आणि वाटीभर वरण याहून कमी कॅलरींत होतं. ज्यांचा उपवास श्रद्धेचा आहे त्यांनी तो जरूर करावा, पण वजनाच्या खात्यावर तो जमा धरू नये.

किती वेळा खायचं यावर आपल्याकडे बरीच चर्चा झाली. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोनदाच जेवण्याची पद्धत आणि ऋजुता दिवेकर यांचा थोड्या थोड्या वेळाने खाण्याचा सल्ला यांवरून घराघरात दोन पक्ष पडले. माझ्या मते ज्याला जे वर्षभर निभावता येईल ते त्याने करावं. दोन्हीकडे शेवटी दिवसाची बेरीजच काम करते.

काटा पहिल्या आठवड्यात दोन किलो खाली आला तर लगेच आनंदून जाऊ नका. शरीरातला पिष्टमय साठा, म्हणजे ग्लायकोजेन, वापरला जातो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी जातं. ते परत येतं. बायकांचं वजन पाळीच्या चक्राप्रमाणे वरखाली होतं, तेव्हा तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करावी. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. रोज पाचशेची तूट धरली तरी आठवड्याला अर्ध्या किलोच्या आतच. आणि तोही वेग टिकत नाही, कारण हलकं झालेलं शरीर कमी जाळतं. सुनेचं वजन ७२ वरून ६६ झालं की तिचा रोजचा खर्च आपोआप नव्वद कॅलरींनी उतरतो. वजन थबकलं की लोक आणखी खाणं तोडतात. खरं तर तिथे नव्याने हिशेब करायचा असतो, किंवा दोन-तीन आठवडे आहे त्या वजनावर थांबून दम घ्यायचा असतो.

काही जणांनी हा हिशेब घरी मांडूच नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी औषधाचा डोस बदलून न घेता खाणं कमी केलं तर साखर एकदम उतरून चक्कर येते, कधी बेशुद्धीही. तेव्हा आधी डॉक्टर, मग डाएट. गरोदर बाईने वजन उतरवायचं नसतं. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला तर रोज ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात; बारसं झालं नाही तोवर तिला ‘पोट आत घ्यायला’ सांगणाऱ्या मंडळींना हा आकडा जरूर ऐकवावा. वाढत्या वयातली मुलं, आणि खाण्याची भीती बसलेली किंवा खाऊन ओकाऱ्या काढणारी तरुण मुलं-मुली यांच्या हातात कॅलरीचं अ‍ॅप देऊ नये. फार वेगाने उतरणाऱ्या वजनात पित्ताशयात खडे होतात हेही ध्यानात असावं.

आहारतज्ज्ञाकडे जाणार असाल तर तुमचा आकडा कसा काढला ते कागदावर लिहून मागा. वय, उंची, वजन, कामाचा गुणक, किती तूट आणि का. पाच ओळींचं काम आहे. जो लिहून देईल त्याच्याकडे राहावं.

आपल्या तीन माणसांचं सांगायचं तर, सुनेने सोळाशेच्या आसपास खावं. सात टक्के, म्हणजे पाच किलो उतरायला तिला चार-पाच महिने लागतील. मुलाला साडेसतराशे-अठराशे पुरतील, आणि स्कूटर आठवड्यातून तीन दिवस घरी ठेवली तर त्यात एखादी भाकरी वाढवूनही घेता येईल. सासूबाईंच्या ताटातून काढण्यासारखं काही नाही. या वयात वजनापेक्षा पायातली ताकद महत्त्वाची. त्यांच्या ताटात एक वाटी उसळ आणि वाटीभर दही वाढवावं, त्यासाठी चहातली साखर आणि संध्याकाळचं फरसाण कमी करावं, आणि त्यांनी रोज सकाळी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून, शक्यतो हाताचा आधार न घेता, दहा वेळा उठावं-बसावं.